जावयाला कोण सांगणार?

उमरीला, माझ्या सासुरवाडीच्या मागच्या दाराशी, नुकत्याच घोटलेल्या सिमेंटच्या उतारावर मी बुटासकट उभा राहिलो. चुकून पाय पडला असं नाही. उभा राहिलो. कमरेवर हात ठेवून, आजूबाजूला बघत, कामाची पाहणी करणाऱ्या माणसानं जसं उभं राहावं तसा.

समोर सासरे होते. त्यांच्या बाजूला मेहुणा. गुडघ्यावर बसून थापी हातात धरलेले मिस्त्रीचाचा तर माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर. तिघांनीही मला येताना पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर मी अंगण ओलांडलं, त्यांच्या डोळ्यांसमोर पाय उचलला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो सिमेंटमध्ये ठेवला.

"या या जावईबापू," सासरे म्हणाले. "उन्हाचं कामून आले? चहा टाका रे कुणीतरी."

मी चहाला नको म्हणालो, प्रवास बरा झाला म्हणालो, काम कुठवर आलंय असं विचारलं. तिघंही म्हणाले, झकास चाललंय. मग मी निघायला पाय उचलला, तर बूट खालीच राहिला आणि मोजा तेवढा वर आला.

तेव्हा कुठं मी खाली बघितलं.

"अरे, हे ओलं आहे?"

"कुछ नै साब," मिस्त्रीचाचा म्हणाले, "थोडंसंच हाय."

"मग सांगायचं ना!"

यावर तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. शेवटी सासरे म्हणाले, "तुमी उभेच राहिले होते, आता हटा कसं म्हणावं?" आणि मिस्त्रीचाचांनी थापी पुढं केली तेव्हा त्यांना थांबवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या चाचा. जावईबापूचं पाऊल हाय."

आमच्या मराठवाड्यात जावई झालेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. जावई हा या घरांमध्ये माणूस नसतो, पाहुणाही नसतो, त्याच्या वरचं काहीतरी असतो. अधिक महिन्यात त्याला धोंडे खाऊ घालतात, त्याच्यासाठी चादर झटकून घालतात, त्याच्या ताटातलं तूप त्याला न विचारता वाढतात. आणि त्याला नाही म्हणत नाहीत. जावई म्हणाला, आज गुरुवार आहे, तर घरातले लोक बुधवारीही गुरुवारचा उपास धरतील, पण वार चुकला असं म्हणणार नाहीत. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली, पोरं कॉलेजात गेली, डोक्यावरचे केस गेले, तरी उमरीत माझी ही पदवी कायम आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडत होती. कारण लातूरला माझ्या घरात मला असं कुणी वागवत नाही.

त्यात माझा धंदा. लातूरच्या एका कंपनीत मी ठिबक आणि पाइपलाइनच्या कामांचा समन्वय बघतो. म्हणजे शेतकरी, ठेकेदार, माल पोहोचवणारे आणि साहेब हे सगळे एकमेकांशी भांडत असताना मी मध्ये उभा राहून सगळ्यांना फोन करतो. हे काम इतकी वर्षं केल्यामुळं कंपनीनं नव्या पोरांना शिकवायलाही मलाच उभं केलं. माझ्या व्याख्यानाचा विषय ठरलेला, 'यशस्वी प्रोजेक्ट आणि सुसंवाद'. त्यात पडद्यावर एक चित्र येतं, दोन माणसं आणि त्यांच्यामध्ये दोन बाण, एक जाणारा आणि एक येणारा. ते चित्र आलं की मी थोडा थांबतो. पोरं वहीत बाण काढतात. मला फार बरं वाटतं.

तर या सुसंवादाच्या जाणकाराच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेले. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, बदलावे लागतील. ऑपरेशन ठरलं, तारीख ठरली, बायकोनं आईजवळ दवाखान्यात राहायचं ठरलं. मग डॉक्टरांनी विचारलं, घरी संडास कसा आहे?

घरी संडास परसात होता. मागच्या दारातून पायऱ्या उतरायच्या, गोठ्याच्या कडेनं जायचं आणि उकिडवं बसायचं. डॉक्टरांनी मान हलवली. हे जमणार नाही. घरातच कमोड पाहिजे, वॉकर धरून जाता आलं पाहिजे, पायरी नको.

तेव्हा सासूबाई बोलल्या. माझ्याशी नाही, त्या माझ्याशी कधीच थेट बोलत नसत. त्यांच्या माहेरची ती रीतच होती, सासू जावयासमोर पदर घेते आणि जे काय सांगायचं ते मधल्या माणसाकडून सांगते. मधलं माणूस नसलं तर म्हैस चालायची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला घरात कुणी नसताना त्या गोठ्याकडं तोंड करून म्हणाल्या होत्या, "ऊन डोक्यावर आलं, मानसं अजून जेवंना गेली, काय करावं गं बाई!" म्हशीनं कान हलवला आणि मी उठून ताटावर बसलो.

दवाखान्यात म्हैस नव्हती. त्या बायकोला म्हणाल्या, "जावयाला म्हणावं, बाकी काई नसलं तरी चालतंय. पर माझं मला जाता आलं पायजे. कुनी धरून नेऊ नये."

बायको माझ्याकडं वळली. "आई म्हणते..."

"ऐकलं मी," मी म्हणालो. आणि सासूबाईंचा आवाज त्या एका वाक्यात जरा हलला होता, तेही ऐकलं होतं. आयुष्यभर या बाईनं घरातल्या सगळ्यांचं केलं होतं. तिला आता एवढंच पाहिजे होतं. मी लगेच छातीवर हात ठेवून म्हणालो, "हे माझ्याकडं सोडा. तुम्ही घरी याल तेव्हा सगळं तयार असेल."

लातूरला आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. नाव दिलं 'आईचे गुडघे'. मग दुपारभर बसून कागदावर आराखडा काढला. माजघराला लागून धान्याची पोती ठेवायची एक खोली होती. पोती हलवली की तिथं संडास-बाथरूम बसत होतं. या कोपऱ्यात कमोड, त्या कोपऱ्यात नळ, इथं दार, मागच्या बाजूला पायऱ्यांऐवजी उतार. खाली चकचकीत पांढरी फरशी, म्हणजे स्वच्छता दिसते. फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी पाहून घ्यावे व आपले मत कळवावे.'

मेहुण्यानं अंगठा दाखवला. त्याच्या बायकोनं हात जोडले. मिस्त्रीचाचांना मुद्दाम ग्रुपमध्ये घेतलं होतं, त्यांनीही हात जोडले. सासऱ्यांनी गुलाब पाठवला.

रात्री जेवण झाल्यावर दवाखान्यातून बायकोचा फोन आला.

"आराखडा सगळ्यांना पसंत पडला," मी म्हणालो.

"कोण काय म्हणालं?"

"अंगठा, नमस्कार, नमस्कार."

"आणि बाबा?"

"गुलाब पाठवला त्यांनी."

"गुलाब?"

"खाली सुप्रभात लिहिलं होतं."

"दुपारी?"

"हो."

मग ती म्हणाली, "अहो, आमच्या घरात बादली कुठं ठेवायची यावरून अर्धा दिवस भांडण चालतं. एवढं बांधकाम निघालं आणि कुणीच काही म्हणालं नाही? काहीतरी घोळ आहे. तुम्ही त्यांना विचारलं का सांगितलं?"

"दोन्ही एकच असतं," मी म्हणालो.

आता मागं वळून बघताना वाटतं, ते चित्रातले दोन्ही बाण मी स्वतःच्याच बाजूनं सोडत होतो. पण तेव्हा मला वाटलं, बाईमाणसाला दवाखान्यात बसून काळजी सुचते.

दर रविवारी उमरीला जाऊन कामावर नजर टाकायची असा मी नेम केला. लातूर ते नांदेड एसटी, पुढं रेल्वे. सिमेंटचा किस्सा त्यातल्या पहिल्याच रविवारचा. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला पडली होती. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर फ्रिजवर देव बसलेले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, घंटी, सगळा परिवार, खाली हातरुमाल अंथरलेला.

"देव इकडं कसे?" मी मेहुण्याच्या बायकोला विचारलं.

ती जरा गडबडली. "जरासा हवापालट, दाजी."

"देवांना?"

"तिकडं धूळ लई उडती ना."

मला पटलं. मला त्या दिवसांत सगळंच पटत होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. सासूबाई दवाखान्यात बेडला धरून उभ्या राहिल्या, मग दोन पावलं चालल्या, मग बायकोनं फोनवर सांगितलं की डॉक्टर येत्या आठवड्यात घरी सोडणार. मी हापिसातून रजा टाकली, नांदेडला औषधांच्या दुकानातून एक चांगला मजबूत वॉकर घेतला आणि तो घेऊन उमरीला निघालो. रेल्वेत मला बघून एका म्हाताऱ्या बाईनं जागा दिली. मी म्हणालो, माझ्यासाठी नाही, सासूबाईंसाठी आहे. ती म्हणाली, "असू दे बाबा, लाजायचं काय त्यात," आणि पूर्ण प्रवासभर माझ्या गुडघ्यांकडं दयेनं बघत राहिली.

संडास तयार होता. दार बसलं होतं, फरशी आरशासारखी चमकत होती. घरचे सगळे गोळा झाले. मी म्हणालो, "आता मी सासूबाईंसारखा चालत जाऊन दाखवतो. कुठं अडचण आली तर लगेच कळेल."

अडचण दारातच आली. वॉकर दारातून जाईना. सरळ घातला तर दोन्ही बाजूंना अडकायचा. आडवा घातला तर तो आत जायचा आणि मी बाहेर राहायचो. शेवटी तो उचलून, तिरका करून, पोट आत ओढून मी आत शिरलो. दार आतल्या बाजूला उघडत होतं. ते लावायला मला कमोडवर बसावंच लागलं, कारण दाराला आणि मला एकाच वेळी उभं राहायला तिथं जागा नव्हती. दार लागलं. वॉकरचे पाय दार आणि भिंत यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखे बसले. आता दार उघडेना.

बाहेरून मेहुण्याचा आवाज आला, "जमलं का दाजी?"

आणि मी, कमोडवर अंग चोरून बसलेला, काय म्हणालो असेन?

"जमलं!"

"झकास," बाहेरून सासरे म्हणाले.

मी तसाच बसून राहिलो. पाठीमागच्या भिंतीत, पाण्याच्या टाकीचा नळ जोडण्यासाठी एक भोक पाडलं होतं, ते अजून बुजवलं नव्हतं. त्यातून उजेड येत होता. मागं वळून डोळा लावला. पलीकडं एक रिकामा कोनाडा दिसला. कोनाड्याला तेलाचा काळा थर, आणि कुंकवाचे डाग, वर्षानुवर्षांचे.

म्हणजे ही देवघराची भिंत होती. मी काढलेल्या आराखड्यात संडासाची टाकी थेट देवांच्या पाठीला टेकत होती. आणि या घरानं काय केलं होतं? जावयाला 'तिकडं नको' म्हणण्याऐवजी देव उचलून फ्रिजवर ठेवले होते.

वॉकर मिटवता येतो हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला. बाहेर आलो तो घामानं भिजून.

"मामा," मी सासऱ्यांना म्हणालो, "दार लहान आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

सासऱ्यांनी छताकडं बघितलं. "लहान कुठं? जरा अंगाबरोबर हाय."

"आमचं वॉकरच मोठं आलं, दाजी," मेहुणा म्हणाला.

"आणि देव?"

"देवाचं काय," सासरे म्हणाले, "ते कुटंबी बसतेत. फ्रिजवर गार बी वाटतंय त्यांना."

मला रडावं का हसावं कळेना. बाई दोन-चार दिवसांत घरी येणार. तिनं एकच गोष्ट मागितली होती. आणि जिथं जायला तिला कुणी धरायला नको होतं, तिथं आता तिला माझ्या सिमेंटमधल्या बुटासारखं ओढून काढावं लागणार होतं. काय काय बदलायचं ते मला नीट कळल्याशिवाय दुरुस्ती तरी कशी करणार? आणि इथं प्रत्येक माणूस माझ्याकडं बघून म्हणत होता, लई भारी झालंय.

मी बायकोला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती 'मी म्हणत नव्हते का' म्हणेल. ती म्हणाली, "फोन बाबांकडं द्या, व्हिडिओवर. आणि तुम्ही अंगणात जाऊन पाठ करून बसा."

"म्हणजे?"

"तुमच्या तोंडाकडं बघून आमच्यातलं कुणी बोलणार नाही. पाठीकडं बघून बोलतील. तुम्ही फक्त वळू नका. आणि मध्ये 'त्याचं असं आहे' म्हणू नका."

मेहुण्यानं माझ्यासाठी खुर्ची आणली, तीही फडक्यानं पुसून. मी गोठ्याकडं तोंड करून बसलो. म्हैस माझ्याकडं बघत होती. हिच्या आईशी माझा वीस वर्षांपूर्वीचा परिचय. मागं माजघराच्या दारात फोनभोवती मंडळी जमली.

सुरुवातीला नुसतं खाकरणं. मग सासऱ्यांचा आवाज, अगदी दबका, "पोरी, ऐकून राहिली का? दार बारीक हाय गं."

"आणि?"

"आन आतमधी उघडतंय," मेहुणा म्हणाला. "माय आत घसरून पडली तर दार ढकलायचं कसं? तिच्याच अंगावर येईल ना."

हे मला सुचलंच नव्हतं.

"फरशी तर इचारू नका वन्सं," मेहुण्याची बायको म्हणाली. तिचा आवाज मात्र दबका नव्हता. "काच हाय नुसती! काल मी पोछा मारायला गेले तर बसूनच बाहेर आले. आन देव! सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला की अन्नपूर्णा हालती. आधी हात जोडायचे, मग दूध घ्यायचं!"

"टाइल साबनी पसंद केली," मिस्त्रीचाचा घाईनं म्हणाले. "मी म्हनलं मनात, साब पढे-लिखे हाय."

"चाचा, तुम्ही नळ तेवढा उंच कामून लावला?" मेहुणा एकदम म्हणाला. "मायचा हात तरी जातो का तिथं?"

"क्या?" चाचा दुखावले. "मेरेकू कायकू नै बोले?"

"तुमाला कोन बोलनार? तुमी माझ्या बापाच्या लग्नाच्या मांडवात होते!"

यानंतर मंडळींना सूर सापडला. दाबून ठेवलेलं असं काही बाहेर पडायला लागलं की संडासाचा विषय केव्हाच मागं पडला. बोअरची जागा जावयानंच दाखवली होती आणि तिथं खडक लागला. सोयाबीन पसरायला प्लास्टिकच आणा असा हट्ट जावयाचाच होता, घाम सुटून सगळं कुबट झालं. जावई चहात साखर कमी पाहिजे म्हणतात आणि मग दोनदा चहा मागतात. मी न वळता सगळं ऐकत होतो. एकदा तोंडातून 'त्याचं असं आहे' निघणारच होतं, पण म्हशीनं माझ्याकडं असं बघितलं की गिळलं. मध्येच मेहुण्याची बायको हातात कप घेऊन माझ्यासमोर आली, पदर सारखा करून म्हणाली, "चहा घ्या दाजी," आणि परत मागं जाऊन, "तर मी काय सांगत होते," म्हणून सुरू झाली.

आणि मग फोनमधून वेगळाच आवाज आला.

"जावईबापू."

मी वळलो, अट मोडून. फोनच्या पडद्यावर दवाखान्याची उशी होती आणि उशीवर सासूबाई, डोक्यावर पदर, पण नजर थेट.

"ऐकून राहिले का?"

"हो मामी." मी उभा राहिलो. कप खुर्चीवर ठेवला.

"दार रुंद करा. भायेर उघडायचं करा. कमोड दुसऱ्या भितीला घ्या आन देव होते तिथं ठेवा. उजव्या हाताला धरायला दांडी पायजे. फरशी खरबरीत."

"हो."

"आन एक सांगा," त्या म्हणाल्या. "गुलाब पाठवला, अंगठे दावले, समदं झालं. मला कुनी इचारलं का? त्याच्यावर बसायचं मला हाय ना?"

सासरे जमिनीकडं बघायला लागले. मेहुणा छताकडं. मी कुणाकडं बघावं तेच कळेना, कारण ग्रुपमध्ये सासूबाईच नव्हत्या. त्यांच्याच गुडघ्यांच्या नावानं काढलेल्या ग्रुपमध्ये मी त्यांना घ्यायचं विसरलो होतो. आणि इतक्या दिवसांत हे दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी उमरीतच राहिलो. इतकं भांडणाचं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. दार उखडलं, भिंत फोडली, फरशी काढली. सकाळी मिस्त्रीचाचा आणि मेहुणा नळाच्या उंचीवरून, दुपारी सासरे आणि चाचा दांडीच्या जागेवरून. दर गोष्टीला नांदेडला व्हिडिओ लागायचा आणि उशीवरून निकाल यायचा, "वर. आनखी वर. बास." सासऱ्यांची तर जीभ अशी सुटली की एकदा मी विटांजवळ उभा होतो तर म्हणाले, "जावईबापू, तिथून हटा." म्हणाले आणि स्वतःच दचकले. मी हटलो. मग दोघंही हसलो.

उतारावरचा माझ्या बुटाचा खड्डा चाचांनी बुजवला, कारण वॉकरचा पाय त्यात गेला असता. पण नवं सिमेंट जरा काळपट आलं. त्यामुळं खड्डा गेला आणि बुटाचा आकार राहिला.

सासूबाई आल्या त्या दिवशी सगळं झालं होतं, फक्त नवं रुंद दार सुताराकडून आलं नव्हतं. तिथं मेहुण्याच्या बायकोनं जाड चादर लावली. गाडीतून उतरल्यावर त्या वॉकर धरून उतारावरून हळूहळू वर आल्या. काळपट बुटापाशी क्षणभर थांबल्या, त्याकडं बघितलं, काही बोलल्या नाहीत. आत आल्या आणि पाणीसुद्धा न पिता सरळ त्या खोलीकडं निघाल्या. बायकोनं दंडाला हात लावला.

"सोड," त्या म्हणाल्या.

वॉकर दारातून गेला. दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. चादर पडली. आम्ही सगळे माजघरात उभे. कुणी बसेना, सासरे कोनाड्यातल्या देवांसमोर हात जोडून. आतून वॉकर टेकल्याचा ठक्क आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग दांडीला अंगठी घासल्याचा आवाज. मग पाणी सुटलं. ढब्ब करून सगळी टाकी रिकामी झाली, आणि मेहुण्यानं माझ्या पाठीत असा जोरात धपाटा मारला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धपाट्यामुळंच.

चादर बाजूला झाली. सासूबाई बाहेर आल्या, एकट्या. मला बघून डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मुलीला म्हणाल्या, "जावयाला म्हणावं, आतला दिवा लई झकझकीत हाय. डोळ्यावर येतोय."

बायको माझ्याकडं वळली. "आई म्हणते..."

"बदलतो," मी म्हणालो.

लातूरला परतल्यावर पुढच्या व्याख्यानाला मी उभा राहिलो. दोन बाणांचं चित्र आलं. दर वेळी विचारतो तसं विचारलं, "काही शंका?" दर वेळी म्हणतात तसं पोरं म्हणाली, "नाही सर." मग मी त्यांच्याकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो आणि म्हणालो, "आता बोला." मागं कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, सरांना बरं नाही वाटतं. मी हललो नाही. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमचं लेक्चर दर वेळी जेवणाच्या सुट्टीत घुसतं." आणि दुसरा, "सर, पाइपचा माल येणार नाही हे आम्हाला आठवडाभर आधीच कळलेलं असतं." वळावंसं फार वाटलं. वळलो नाही. त्या दिवशी पोरं माझ्या पाठीशी पाऊण तास बोलली.

ही हकीकत बायकोला कधी सांगतो असं झालं होतं. ती आईजवळून परत लातूरला आली होती. मी गाडी लावली आणि फाटकापासूनच बोलायला लागलो, पाठ कशी केली, पोरं काय म्हणाली, आता हे मी कंपनीत सगळीकडंच कसं सुरू करणार आहे. बोलत बोलत ओसरी ओलांडली. शिवाय मनात एक प्रश्न उमरीहून निघाल्यापासून होता, तोही विचारून टाकला.

"बरं, तुझी आई माझ्याबद्दल काय म्हणाली गं? शेवटी?"

ती खाली वाकलेली होती. वर न बघता म्हणाली, "ते मग सांगते. आधी आहात तिथंच थांबा, फरशी ओली आहे."